पॅनलमधली खरखर

फानुकच्या जुन्या सीएनसी कंट्रोलरवर ०८५ हा अलार्म आला की ऑपरेटर आधी केबल हलवतो. मग प्रोग्रॅम परत पाठवतो. चालला तर ठीक, नाहीतर मेंटेनन्सवाल्याला हाक जाते आणि तोही येऊन आधी केबलच हलवतो. खरं तर हा अलार्म चांगला बोलका आहे. बाहेरून येणारा मजकूर वाचताना एखादं अक्षर मोडलं, पॅरिटी जुळली नाही, किंवा आधीचं अक्षर उचलायच्या आत पुढचं येऊन धडकलं, असं तो सांगतो. ०८६ सांगतो की समोरचं उपकरण तयारच नाही. ०८७ची तक्रार अशी, की मी 'थांब' म्हटलं तरी समोरचा थांबला नाही. तीन अलार्म, तीन वेगळ्या तक्रारी. भोसरी, अंबड, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, तिन्हींचं निदान बहुतेक वेळा एकाच शब्दात होतं: नॉइज.

शब्द मोठा सोयीचा आहे. कार्ड बदलून अलार्म गेला तर कार्ड खराब होतं, कार्ड बदलूनही राहिला तर नॉइज आहे. एकदा नॉइज म्हटलं की मशिनवाला, केबलवाला, वायरमन, सगळेच सुटतात. मग बाधा झालेल्या घरात व्हावेत तसे उतारे सुरू होतात. केबलला फेराइटचा मणी, पॅनलला आणखी एक अर्थिंग, कुणी तरी आणलेला अॅल्युमिनियमचा कागद. मला या धंद्यात एवढंच कळलं आहे की नॉइज कुठून तरी निघतो, कशावरून तरी चालत येतो आणि कुठे तरी शिरतो. हे तीन 'कुठे' शोधायच्या आधी केलेला खर्च बहुधा वाया जातो.

आणि शोधायच्या आधी एक शंका फेडून घ्यावी लागते: हा नॉइज आहे तरी का?

०८७चंच घ्या. एनसी, म्हणजे आकडी आज्ञांवर चालणाऱ्या, मशिनचा जन्म कागदी टेपवरचा. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघालेलं आणि एमआयटीच्या सर्व्हो प्रयोगशाळेत उभं राहिलेलं मिलिंग मशिन १९५२ साली लोकांना दाखवलं गेलं, तेव्हा त्याला आज्ञा मिळत होत्या त्या भोकं पाडलेल्या पट्टीवरून. पट्टी गेली, पण तिचे रिवाज राहिले. आयएसओ कोडमध्ये एका ओळीतली भोकं सम असावीत, ईआयए कोडमध्ये विषम, हा तिचाच नियम. टेप-रीडर सुरू कर, थांबव, यासाठीची डीसी-१ ते डीसी-४ ही अक्षरंही तिचीच. आजही कंट्रोलर लॅपटॉपला थांबवतो तो डीसी-३ पाठवून. या अक्षराचा अंक १९. बिटांत लिहिलं तर त्यात तीन 'एक' येतात, म्हणून सम पॅरिटीसाठी आठवं बिटही 'एक' होतं आणि तारेवरून जातो तो अंक १४७. लॅपटॉपवर सात बिट, सम पॅरिटी असं सेटिंग असेल तर तो बरोबर १९ वाचतो. आठ बिट, पॅरिटी नाही, असं ठेवलं असेल (आणि कंट्रोलर येणाऱ्या अक्षरांची पॅरिटी तपासत नसेल) तर लॅपटॉपला १४७ दिसतो, ओळख पटत नाही आणि तो बोलतच राहतो. कंट्रोलरचा बफर भरतो, ०८७ येतो. छोटे प्रोग्रॅम बफरमध्ये मावतात म्हणून बिनतक्रार जातात, मोठे अडकतात. असा 'नॉइज' काढायला मी लोकांना शील्डेड केबल विकत घेताना पाहिलं आहे.

०८५ मात्र बऱ्याचदा खरोखरच तारेवर काही तरी घडल्याचं लक्षण असतं. ९६०० बॉडला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतं. सुरुवातीचं एक, मजकुराची सात, पॅरिटीचं एक, शेवटची दोन, अशी अकरा बिटं मिळून एक अक्षर. सेकंदाला पावणेनऊशेच्या आसपास अक्षरं जातात. म्हणजे एक मिलिसेकंदाचा झटका एक अख्खं अक्षर खाऊन टाकू शकतो. पॅरिटी हा पहारेकरी आहे, पण त्याला विषम चुकाच दिसतात. एक बिट उलटलं तर तो ओरडतो, दोन उलटली तर गप्प बसतो. ५ या आकड्याचा ६ व्हायला नेमकी दोन बिटं उलटावी लागतात. झेड वजा ५ची जागा झेड वजा ६ने घेतली आणि पॅरिटी जुळली, तर अलार्म येणार नाही, कटर एक मिलिमीटर खोल उतरेल. म्हणून ०८५ आला की मी मनातल्या मनात त्याचे आभार मानतो. मोल्डच्या शॉपमध्ये जिथे लाखभर ओळींचा प्रोग्रॅम ड्रिप-फीडने थेंबथेंब मशिनला पाजतात, तिथे अलार्म न येता गेलेल्या चुकेची किंमत एका पोलादी ब्लॉकएवढी असते.

या तारेची घडणही समजून घ्यायला हवी. आरएस-२३२ हे मानक १९६०चं, त्याची गाजलेली 'सी' आवृत्ती १९६९ची. पाठवणारा पाच ते पंधरा व्होल्ट, अधिक किंवा वजा, तारेवर ठेवतो, घेणारा तीन व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे पाहून निर्णय करतो. पण हे व्होल्ट मोजायचे कशापासून? दोन्ही टोकांना जोडणाऱ्या एका सामाईक ग्राउंडच्या तारेपासून. मशिनचं ग्राउंड आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं ग्राउंड एकाच पातळीवर आहे, असं ते मानक गृहीत धरतं. शॉपफ्लोअरवर हे गृहीत दिवसातून दहा वेळा मोडतं. बाजूला वेल्डिंग सुरू झालं की दोन ग्राउंडांमध्ये काही व्होल्ट उभे राहतात आणि ते थेट सिग्नलमध्ये मिसळतात. केबलची मर्यादा जुन्या मानकात १५ मीटर दिली होती. आपल्याकडे कॉम्प्युटर माळ्यावर आणि मशिन शेवटच्या कोपऱ्यात, मधे जेवढी लागेल तेवढी केबल, हा हिशोब.

लॅपटॉपने या गोष्टीला वेगळंच वळण दिलं. अॅडॉप्टरची अर्थची पिन मोडलेली, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये कोंबलेला. अॅडॉप्टरच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर अर्थ नसल्यामुळे लॅपटॉपच्या बॉडीला साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास, टांगून ठेवतात. हाताला झिणझिण्या येतात त्या याच्याच. करंट अगदी थोडा, माणसाला फार काही करत नाही. पण असा लॅपटॉप चालू मशिनच्या पोर्टला जोडला आणि ग्राउंडच्या पिनेआधी सिग्नलची पिन टेकली, तर साठलेला चार्ज पोर्टमागच्या इवल्याशा आयसीतून वाट काढतो. मग कार्ड रिपेअरला जातं आणि पावतीवर कारण येतं, 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन'. तपासायची रीत फुकट आहे. अॅडॉप्टर काढा, बॅटरीवर प्रोग्रॅम पाठवा. बॅटरीवर चालत असेल तर दोष ग्राउंडमध्ये आहे, आणि मधे एक ऑप्टो-आयसोलेटर लावला की प्रश्न मिटतो.

आता उगमाकडे. शॉपमध्ये नॉइजचे दोन मोठे कारखाने: कॉन्टॅक्टरची कॉइल आणि ड्राइव्ह. कॉइलमधला करंट तोडला की ती तो सहजी तुटू देत नाही, करंट जितका पटकन तुटेल तितकं मोठं व्होल्टेज उलटं उभं करते. २४ व्होल्टच्या रिलेची कॉइलसुद्धा क्षणभर काहीशे व्होल्ट दाखवते. संपर्क सुटताना पुनःपुन्हा ठिणगी पडते आणि एका सुटण्यात झटक्यांची माळच निघते. आयईसी ६१०००-४-४ या चाचणीत कंट्रोलरवर मुद्दाम सोडतात ती याचीच नक्कल: ५ नॅनोसेकंदांत चढणारे, ५० नॅनोसेकंद टिकणारे झटके, तुकडी-तुकडीने. इलाज जुना आणि स्वस्त. डीसी कॉइलला उलटा डायोड, एसी कॉइलला रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, जिला सगळे स्पार्क किलर म्हणतात. रेझिस्टर कॉइलच्या डीसी रेझिस्टन्सएवढा घ्या, आणि कॉइलच्या करंटचा वर्ग करून त्याला दहा ते वीसने भागा, तितके मायक्रोफॅरड, असा फानुकचा ठोकताळा आहे. गंमत अशी की मशिन येतं तेव्हा हे सगळं लावलेलं असतं. पाच वर्षांनी कॉन्टॅक्टर जळतो, वायरमन बाजारातून नवा आणून बसवतो आणि जुन्याबरोबर त्याच्या खांद्यावरचा स्पार्क किलरही भंगारात जातो. महिन्याभराने अलार्म सुरू होतात, तेव्हा कॉन्टॅक्टर बदललेला कुणाला आठवतही नाही.

डायोडबद्दल एक सावधगिरी. तो कॉइलचा करंट हळूहळू जिरवतो, म्हणून रिले किंवा ब्रेक सुटायला जरा वेळ लागतो. झेड अॅक्सिसच्या ब्रेकला डोळे मिटून डायोड लावला तर ब्रेक पकडायला उशीर होतो आणि हेड थोडं खाली सरकतं. तिथे उत्पादकाने जे दिलं आहे तेच ठेवावं.

ड्राइव्हचं तंत्र निराळं. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, आणि मोटरची केबल जमिनीच्या आणि पॅनलच्या मानाने कपॅसिटरसारखी वागते. प्रत्येक स्विचिंगला थोडा करंट केबलमधून बाहेर पाझरतो. त्याला घरी परतायचं असतं, ड्राइव्हकडे. सोपी वाट दिली नाही तर तो एन्कोडरच्या शील्डवरून, आरएस-२३२च्या ग्राउंडवरून, जिथून जमेल तिथून परततो. सोपी वाट म्हणजे मोटरच्या केबलची शील्ड, दोन्ही टोकांना, सगळ्या बाजूंनी पकडलेली.

शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, हा आमच्यातला कायमचा वाद. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. मंद सिग्नल असेल, भीती ५० हर्ट्झच्या गुणगुणीची असेल, तर एका टोकाची शील्ड शोभते. मेगाहर्ट्झच्या दुनियेत एका टोकाची शील्ड म्हणजे अँटेना. पण त्याहून मोठा घोटाळा टोकालाच होतो. जाळी पिळून तिची वेणी घालायची, पुढे हिरवी तार जोडायची आणि लग मारून स्क्रूला अडकवायची, ही आपली पद्धत. दहा सेंटिमीटरच्या वेणीचं इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री, १० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सहा ओहमच्या वर जातो. मल्टिमीटर शून्य दाखवतो आणि शील्ड निम्मी निकामी असते. बाहेरचं आवरण बोटभर सोलून जाळी उघडी करायची आणि पत्र्याच्या क्लॅम्पने थेट ग्राउंड प्लेटवर आवळायची, हे मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. क्लॅम्पखालचा रंग मात्र खरवडायला विसरू नये.

हाच हिशोब अर्थिंगच्या खड्ड्याला लावून पाहा. मे महिन्यात दख्खनच्या मुरमात आणि काळ्या पाषाणात खड्डे कोरडे पडतात, मग बादलीने पाणी ओतणं, मीठ-कोळसा भरणं चालू होतं. ते करायलाच हवं, माणसाच्या जिवासाठी. पण खड्ड्यापर्यंत गेलेल्या दहा मीटर तारेचं इंडक्टन्स दहा मायक्रोहेन्रीच्या घरात जातं, म्हणजे १ मेगाहर्ट्झला साठ ओहमच्या वर. ड्राइव्हच्या नॉइजला खड्डा एक ओहमचा आहे की पाचचा, याचं काहीच देणंघेणं नाही. तो खड्ड्यापर्यंत पोचतच नाही. त्याचं ग्राउंड म्हणजे पॅनलचा मागचा पत्रा. फानुकची स्वतःची अपेक्षा सिस्टिम ग्राउंड १०० ओहमच्या आत असावं एवढीच आहे, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.

'इलेक्ट्रॉनिक्सला वेगळं, शुद्ध अर्थिंग द्या' हा सल्ला तर मी धोकादायकच म्हणेन. नवा खड्डा खणतात, कंट्रोलर त्याला जोडतात आणि शॉपच्या अर्थिंगपासून मुद्दाम तोडतात. समजा दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स पाच-पाच ओहम, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. फेजची तार बॉडीला लागली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. बत्तीसचा एमसीबी ढिम्म बसून राहील आणि बॉडीवर ११५ व्होल्ट राहतील. कितीही खड्डे खणा, पण सगळे जाड तारेने एकमेकांना बांधा. मशिनच्या विजेबद्दलचं आयईसी ६०२०४-१ हे मानकही सगळ्या उघड्या धातूला एकाच संरक्षक जोडणीत आणायला सांगतं.

अॅक्सिसच्या एन्कोडरचे अलार्म, फानुकवर ३६८ आणि ३६९ यांसारखे, दिसायला नॉइजचे आणि निघायला पाण्याचे असतात. एन्कोडरचा सिग्नल दोन तारांतल्या फरकावर चालतो. पिळलेल्या जोडीवर बाहेरून पडलेला झटका दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडतो. ग्रॅहम बेलने टेलिफोनच्या तारांसाठी १८८१ साली पेटंट घेतलेली ही युक्ती अजून पुरून उरली आहे. त्यामुळे या केबलवर अलार्म आला की मी आधी कनेक्टर उघडून कूलंट शोधतो, मग केबलच्या साखळीत वाकून वाकून तुटलेला धागा. खंडेनवमीच्या साफसफाईत कॉम्प्रेस्ड एअरचा फवारा कनेक्टरवर मारला की दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सर्व्हिसवाल्यांचे फोन वाजतात, हा माझा अनुभव. एक्स आणि वायच्या मोटरी, केबली सारख्या असतील तर मशिन बंद करून अदलाबदल करावी. अलार्म केबलबरोबर सरकला की चोर सापडला. इन्सुलेशन तपासायचा मेगर मात्र एन्कोडर आणि ड्राइव्ह सुटे केल्याशिवाय लावू नये, नाहीतर तपास करता करता खून होतो.

नव्या मशिनांत कंट्रोलर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये फायबर असतं. काचेला किंवा प्लॅस्टिकला ठिणगीशी कर्तव्य नाही, तिला बाधतात ते धुळीने माखलेलं टोक आणि करकचून आवळलेला केबल-टाय. इथरनेट प्रत्येक टोकाला ट्रान्सफॉर्मरने अलग असतं, त्यावर चालणारा प्रोटोकॉल बहुधा चुकलेलं पाकीट पुन्हा मागवतो, म्हणून चांगलं. पण पुन्हा मागवल्यामुळे दोष झाकलाही जातो. अलार्म येत नाही, मशिन मधेच अर्धा सेकंद अडखळतं आणि जॉबवर रेघ उमटते. तिथे स्विचचे चुकांचे आकडे वाचायची सवय लावावी लागते. जुन्या मशिनच्या मालकाला मी एवढंच सांगतो: मशिनच्या पॅनलजवळ आरएस-२३२चं इथरनेट करणारा डबा बसवा. जुनी केबल अर्ध्या मीटरची उरते.

देव्हारे आणि दरवाजे कोरणाऱ्या लाकडाच्या राउटरवर वेगळीच तऱ्हा. तिथे भुसा ओढणाऱ्या पीव्हीसी पाइपात घर्षणाने वीज साठते, ती मशिनच्या बॉडीवर तुटते आणि यूएसबी गळून पडतं. पाइपातून एक उघडी तार ओवून अर्थला जोडली की बहुतेक वेळा भागतं.

उरलेली मोठी गोष्ट शेजाराची. फानुकचं मॅन्युअल केबलींचे तीन गट करतं: पॉवरच्या, २४ व्होल्टच्या आणि सिग्नलच्या, आणि त्यांच्यात किमान १० सेंटिमीटर अंतर किंवा पत्र्याचा आडोसा ठेवायला सांगतं. आपला चांगला वायरमन म्हणजे सगळ्या तारा एका डक्टमध्ये, टायने एकसारख्या बांधून, झाकण बंद करणारा. नॉइजच्या दृष्टीने असं सुबक पॅनल म्हणजे चाळीतली सामाईक भिंत. शेजारचं सगळं ऐकू येतं.

एका मोल्डवाल्याच्या गाळ्यात हे मी जवळून पाहिलं. व्हीएमसीवर रात्री ड्रिप-फीड, आणि कधीही येणारा ०८५. दोन कार्डं बदलून झाली होती. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मात्र एक काम केलं होतं: पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने प्रत्येक अलार्मची वेळ लिहिली होती. मी खिशातला जुना रेडिओ मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि केबल ट्रेखाली धरला. घरात मिक्सर लागला की आजीचा रेडिओ करकरायचा, त्यातलीच ही विद्या. स्पिंडल चालू असताना नुसती बारीक शिट्टी. मग एकदम 'खर्र-टक'. त्याच क्षणी भिंतीपलीकडे शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला. दारावरच्या वेळा आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या वेळा पुढचे दोन तास आम्ही जुळवल्या. प्रत्येक सुरुवातीला अलार्म येत नव्हता, पण प्रत्येक अलार्म एका सुरुवातीवर पडत होता.

त्या कॉम्प्रेसरची केबल आमच्याच ट्रेमधून गेली होती, आरएस-२३२च्या केबलला बावीस मीटर खेटून, दर वितीला एक टाय. उगमावर इलाज करायचा तर स्टार्टर शेजाऱ्याचा. त्याला स्पार्क किलरबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "माझा कॉम्प्रेसर तर झकास चालतोय, साहेब." शेवटी आम्ही आमची केबल काढली, दुसऱ्या भिंतीने नेली, जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात ओलांडली आणि मशिनच्या टोकाला आयसोलेटर बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर दारावर नवी वेळ लिहायची पाळी आली नाही. रेडिओ त्या ट्रेखाली धरला तर अजून 'खर्र-टक' ऐकू येतं.